उत्तरासाठी सोडलेली जागा

आवाजावर माझं पोट आहे. पूर्वी मुंबईत डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो, मग कॅनडात येऊन जुन्या टेपा साफ करण्याची नोकरी केली, आणि आता रिटायर झाल्यावर ब्रॅम्प्टनच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये तेच काम सुटं सुटं घेतो. नाव हेरॉल्ड, गाव वसईकडचं गास. नुसत्या खरखरीवरून खोलीत पंखा कुठल्या बाजूला होता ते मी सांगू शकतो. बायको, पर्ल, याला बढाई म्हणते. म्हणू दे.

नोव्हेंबरात एका ओडेटबाईंचा फोन आला. सडबरी शहराच्याही उत्तरेला, हायवेच्या कडेला सांत-ओडील म्हणून एक गाव आहे, एकेकाळी सगळं फ्रेंच बोलणारं. तिथलं छोटं रेडिओ स्टेशन बंद पडून जमाना झाला होता, आणि त्याच्या टेपा आता चर्चच्या माळ्यावर सापडल्या होत्या. ओडेटबाई रिटायर्ड शिक्षिका, गावाचं म्युझियम सांभाळतात. "पार खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून द्याल का?" म्हणाल्या.

गावाचं नाव मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. दोन हिवाळ्यांपूर्वी पोलिसांनी फोनवर हेच नाव घेतलं होतं. सांत-ओडीलच्या अलीकडच्या वळणावर आमचा क्लाइव्ह गेला.

क्लाइव्ह आमचा एकुलता एक. शाळेत फ्रेंच इमर्शनला, म्हणजे सगळे विषय फ्रेंचमधून, घातला, तर पोरगं असं काही फ्रेंच बोलायला लागलं की वर उत्तरेत फ्रेंच शाळेत शिक्षक म्हणून चिकटलं. रोज संध्याकाळी सातला पर्ल त्याला फोन लावायची. आमच्याकडे गासला दिवेलागणीला घराघरात रोझरी म्हणतात. एकाने नमो मारियाचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी दुसऱ्या अर्ध्याने उत्तर द्यायचं, आणि असं माळेचे मणी संपेपर्यंत. पर्लने ती रीत इथेही सोडली नव्हती. ही स्वयंपाकघरात, तो तिकडे भांडी घासत नाहीतर गाडी चालवत, फोन स्पीकरवर. मी टीव्हीसमोर. देवाचं आणि माझं फारसं जमत नाही.

क्लाइव्हची एक खोड होती. उत्तराच्या शेवटचं आमेन तो अर्धा श्वास आधीच उरकायचा. "गाडी सुटतेय का तुझी?" पर्ल दर वेळी ओरडायची आणि तो फोनमध्ये हसायचा.

त्या फेब्रुवारीत शुक्रवारी तो घरी यायला निघाला होता. बर्फ पडत होता. पर्लने पहिला भाग म्हटला आणि थांबली. उत्तर आलं नाही. त्या रस्त्यावर मधेच नेटवर्क जातं, आम्हाला ठाऊक होतं. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबली. "क्लाइव्ह? हॅलो? ऐकू येतंय का रे?" मी टीव्हीवरची हॉकी बंद केली. पोलिसांचा फोन बराच नंतर आला.

तेव्हापासून पर्लने रोझरी म्हटली नाही. माळ स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या हुकाला अडकवलेली, ती तिथेच राहिली. पॅरिशचे फादर समजवायला आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं अर्ध्यावर राहिलंय, फादर. त्याने उत्तर दिल्याशिवाय मी पुढे कशी जाऊ?" मग तिचं जेवणही अर्धं झालं, झोपही अर्धी. चांगली धडधाकट बाई माझ्या डोळ्यांदेखत विरत चालली होती आणि मला तिला धरून ठेवता येत नव्हतं. रात्री तिच्या पाठीवर हात ठेवला तर हाताला नुसती हाडं लागायची.

तरी मी ते काम घेतलं. माझं पोर ज्या गावापाशी गेलं त्याचा आवाज कसा आहे ते मला ऐकायचं होतं. कुरियरने खोकी आली, तेव्हा गावाचं नाव असलेली बाजू मी भिंतीकडे वळवून ठेवली. पर्लला सांगितलं, "मॉन्ट्रियलचं काहीतरी आहे."

टेपा बऱ्या निघाल्या. स्टेशन म्हणजे सगळा एकाच बाईचा कारभार, मादम्वाझेल बेर्त. बातम्या तीच द्यायची, लाकडाच्या गिरणीत पाळी कधी बदलणार ते तीच सांगायची, अकॉर्डियनवरची गाणी तीच लावायची. रोज दुपारी गावात कोण वारलं ते वाचायची, नाव घेतल्यावर क्षणभर थांबून मग पुढचं. आवाज जाडसर, थोडा सर्दी झाल्यासारखा. मला फ्रेंच कामापुरतंच येतं, पण मृत्यूची बातमी कुठल्याही भाषेत कळते. ओडेटबाई फोनवर म्हणाल्या, "आजूबाजूला सगळा इंग्लिश रेडिओ, मिस्टर हेरॉल्ड. आमच्या माणसाचं नाव आमच्या उच्चारात घेणारी ती एकटीच होती."

आणि संध्याकाळी सातला बेर्त रोझरी म्हणायची. फ्रेंचमध्ये तिला शापले म्हणतात. मोठ्या स्टेशनांवर उत्तर द्यायला स्टुडिओत माणसं बसवत. हिच्याकडे कोण बसणार! ही पहिला अर्धा भाग म्हणून माइकसमोर गप्प राहायची, लोक आपापल्या स्वयंपाकघरात उत्तर द्यायचे, आणि त्यांचं संपलं असेल अशा अंदाजाने ती पुढचा मणी घ्यायची. अंदाज इतका पक्का की मी मनात टोपी काढली.

पण म्युझियममध्ये येणारा माणूस एवढी शांतता कशाला ऐकत बसेल? रिकाम्या जागा काढून टाकायच्या हा आमच्या धंद्यातला नेहमीचा रिवाज. सॉफ्टवेअरला सांगितलं की शांतता शोध आणि काप. त्याने काहीच कापलं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. त्याच्या मते टेपमध्ये शांतता कुठेच नव्हती.

हात् तिच्या, म्हटलं, हे सॉफ्टवेअरही म्हातारं झालं. हेडफोन लावला, आवाज चढवला आणि त्या जागा स्वतः ऐकल्या. आधी टेपची सळसळ. मग तिच्या तळाशी एक खुर्ची सरकली. कुणीतरी चमचा ठेवला. एक कुत्रं अंग झाडून बसलं. कुणी पुरुष खोकला, कोरडं, दोनदा. ती खोली स्टुडिओची नव्हती. एकच खोलीही नव्हती. एका आवाजामागे लाकडी भिंत होती, दुसऱ्यामागे पडदे.

मी घाबरलो वगैरे नाही. टेपच्या गुंडाळीत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, हे आमच्यात कुणीही सांगेल. शिवाय गरीब स्टेशनं जुनीच टेप पुसून पुन्हा वापरत आणि ती कधी नीट पुसली जात नसे. पूर्वी कधी कुणाच्या घरी जाऊन केलेलं रेकॉर्डिंग असेल खाली राहिलेलं. म्हणून कुतूहलाने तो तुकडा ओडेटबाईंना पाठवला.

त्यांचा फोन लगेच आला. "हा खोकला आमच्या काकांचा आहे. गिरणीतला भुसा छातीत गेला होता त्यांच्या. तुम्हाला कुठे मिळाला?"

मी टेपच्या डब्यावरचं साल सांगितलं.

"नाही, नाही," त्या म्हणाल्या. "काका त्याच्या आदल्या वसंतात गेले. बेर्तनेच रेडिओवर त्यांचं नाव वाचलं. मी आईच्या मांडीवर बसून ऐकलंय."

"मग जुन्या टेपेवरचा राहिला असेल," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच असेल." आणि थंडी किती पडली आहे ते बोलू लागल्या.

आता माझं डोकं ठिकाणावर राहीना. मी टेपा सालाप्रमाणे लावल्या आणि फक्त संध्याकाळी सातच्या रिकाम्या जागा ऐकत गेलो. सुरुवातीच्या टेपांत तुरळक आवाज. पुढे गिरणी बंद पडली, पोरं टोरोंटोला निघून गेली, घरात इंग्लिश बोलायला लागली, म्हातारे उरले आणि तेही एकेक करून गेले. हे सगळं बेर्तच्या बातम्यांतच होतं. दुपारी नावं वाचताना तिला आता जास्त वेळ लागायचा. गाव असं ओस पडत गेलं आणि त्या जागा भरत गेल्या. नुसती कुजबुज राहिली नव्हती, उत्तर होतं. बायका, पुरुष, एखादा फुटका आवाज, सगळे मिळून. मी हेडफोन काढून ठेवला आणि वर जाऊन चहा केला. चहात साखर घालायला विसरलो.

पर्ल त्यात आली ती कपड्यांमुळे. वॉशिंग मशीन बेसमेंटमध्येच आहे. एका संध्याकाळी मी स्पीकरवर टेप लावली होती आणि ती कपड्यांची टोपली घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. तिला फ्रेंचचा गंध नाही. पण तो ठेका तिला कुठल्याही भाषेत कळला असता.

"रोझरी आहे ना ही?"

"हं."

"आणि ही थांबते का मधेच?"

"लोकांनी घरी उत्तर द्यावं म्हणून."

ती मशीन न लावताच टोपली घेऊन वर गेली. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा आली, धुवायला काय आणलं होतं, तर दोन हात पुसायचे नॅपकिन! मी हसलो नाही. खुर्ची सरकवून दिली. तीन-चार संध्याकाळी ती नुसती बसली. आणि मग एकदा बेर्त थांबली तेव्हा पर्लचे ओठ हलले. मराठीत, अगदी बारीक आवाजात, तिने दुसरा अर्धा भाग म्हटला.

खरं सांगतो, मला रडू आलं. मी तिच्याकडे पाठ करून टेपच्या चकतीशी उगाच खुडबुड करत राहिलो. दोन वर्षांत जे फादरांना जमलं नाही, डॉक्टरांच्या गोळ्यांना जमलं नाही, ते एका कधीच्या गेलेल्या फ्रेंच बाईने केलं होतं. त्या रात्री पर्लने ताटातला भात संपवला. म्हणून मी टेपा थांबवल्या नाहीत. हेडफोनमध्ये काय ऐकू येतं ते तिला सांगितलंही नाही. स्पीकरवर, साध्या आवाजात, तिथे फक्त सळसळ होती.

एकदा रोझरी संपल्यावर ती म्हणाली, "किती माणसं आहेत रे! माझा आवाज त्यात कुणाला ऐकू जाणार?"

"कुठे माणसं?"

"उत्तर देतात ती. तुला ऐकू येत नाहीत? आणि एवढे कान कान म्हणून मिरवतोस."

ती थट्टेने बोलत होती. किती दिवसांनी थट्टा करत होती. मी म्हटलं, "येतात, येतात." आणि स्पीकरकडे बघत राहिलो.

शेवटची टेप उरली होती. मला ती तिच्यासमोर लावायची नव्हती. का, ते सांगता येणार नाही. पण सातला ती खाली आली आणि तिने स्वतःच खोकं फिरवलं. गावाचं नाव वाचलं. बराच वेळ त्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"मॉन्ट्रियल म्हणालास."

"पर्ल, ऐक..."

"लाव टेप," ती म्हणाली.

मी लावली.

स्टेशनचा तो शेवटचा दिवस. बेर्तचा आवाज थकलेला. ओडेटबाईंनी मला सांगितलं होतं की तोवर ऐकणारं कुणी उरलंच नव्हतं, निम्म्या घरांना फळ्या ठोकल्या होत्या. बेर्तने पहिला अर्धा भाग म्हटला आणि ती थांबली.

मीटरचा काटा उठला. माझ्या डोळ्यांसमोर, स्पीकरवर, साध्या आवाजात, अख्खं गाव उत्तर देत होतं.

पर्ल त्यांच्याबरोबर म्हणत होती. मणी पुढे सरकत होते. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

शेवटचा मणी आला. बेर्त थांबली. उत्तर सुरू झालं, सगळे एका चालीत, शेवटाकडे आले.

आणि एकाने आमेन अर्धा श्वास आधीच उरकलं.

कोवळा, पुरुषी आवाज. जरा हसरा.

ही टेप झाली तेव्हा क्लाइव्हचा जन्मही झाला नव्हता.

"गाडी सुटतेय का तुझी?" पर्ल मोठ्याने म्हणाली. आणि हसली. मग हातातला नॅपकिन पदरासारखा तोंडावर दाबून ढसाढसा रडली, आणि मी तिला धरलं. टेप संपून चकती रिकामी फिरत होती, तिचं टोक टपटप आपटत होतं. आम्ही दोघांनीही ती बंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी माळ हुकावर नव्हती, पर्लच्या हातात होती. आठवडाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. फ्रोझन बोंबील आणून तिने तळले, शेजारच्या घरी नेऊन दिले, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना मला शिव्या घातल्या. देवाला मी मानत नाही, पण त्या आठवड्यात कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत होते.

टेपा परत पाठवायच्या होत्या. पाठवण्याआधी शेवटची टेप आणि तिची फाइल जुळते का ते तपासायला मी एका दुपारी खाली बसलो. वर पर्ल मासे तळत होती. तव्याचा आवाज येत होता, तिची चप्पल इकडून तिकडे जात होती.

शेवटचा मणी. उत्तर. क्लाइव्हचं ते घाईचं आमेन.

आणि त्याच्या लगेच मागे, त्या सगळ्यांच्या घोळक्यातून, एका बाईचा आवाज. मराठीत. "गाडी सुटतेय का तुझी?"

मी टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं.

त्या दिवशी खोलीत एकही माइक चालू नव्हता. माझ्या या मशीनवर रेकॉर्ड करताच येत नाही, लोकांच्या टेपा चुकून पुसल्या जाऊ नयेत म्हणून रेकॉर्डिंगचं हेड मी स्वतःच काढून टाकलंय.

"पर्ल?" मी ओरडलो.

"काय रे?" वरून आवाज आला. "येतच होते बोलवायला. बस जेवायला, गरम आहेत."

मी आणखी एकदा टेप मागे घेतली. या वेळी माझा आवाज शोधत होतो. पर्ल त्यांच्यात होती, मी नव्हतो.

टेपा गेल्या. ओडेटबाईंचा आभाराचा फोन आला. मी त्यांना काही सांगितलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. आता रोज सातला मी टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात पर्लसमोर बसतो. ती पहिला भाग म्हणते, मी उत्तर देतो. सावकाश देतो, आमेनला तर जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावतो. ती डोळे वटारते. वटारू दे. ती समोर बसून माझ्या उत्तराची वाट बघतेय तोवर ती इथे आहे, एवढं मला पुरतं.

काल बाहेर बर्फ पडत होता. पर्लने आमटीखालचा गॅस बारीक केला, हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसली आणि माळ माझ्या हातात दिली.

"आजपासून तू सुरुवात कर," ती म्हणाली. "आम्ही उत्तर देऊ."

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मी तिच्याकडे बघितलं. ती छान दिसत होती. कित्येक वर्षांत दिसली नव्हती इतकी.

मी पहिला अर्धा भाग म्हटला आणि थांबलो.